वाचक विचारतात : पॅडलबोर्डवरून बेटापर्यंत, पहिल्यांदाच

किनाऱ्यासमोर किलोमीटर-दीड किलोमीटरवर दिसणारं छोटं बेट, सोबत गाईड आणि पायाखाली पॅडलबोर्ड, म्हणजे उभं राहून वल्हवायची लांब तरंगती फळी, तीही पहिल्यांदाच. अशा सहलीला निघालेल्या वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. बहुतेकांना धास्ती आहे ती तोल जाण्याची. तोल तासाभरात जमतो. सहल जमते की फसते हे वाऱ्यावर ठरतं, म्हणून वाऱ्याचा प्रश्न सगळ्यांत आधी घेतला आहे.

प्रश्न : सहलीच्या आदल्या दिवशी आम्ही किनाऱ्यावर जाऊन आलो. पाणी तळ्यासारखं निवांत होतं, तरी गाईडने त्या दिवशीच्या गटाला बेटाकडे न नेता खाडीतच फिरवलं. लोकांनी पैसे भरले होते. एवढी सावधगिरी कशासाठी?

तुम्ही समुद्राकडे तोंड करून उभे होता तेव्हा वारा पाठीवर येत होता का, ते आठवून पाहा. बहुधा येत असणार. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तेव्हा किनाऱ्यालगतचं पाणी सपाट दिसतं, कारण लाट उठायला वाऱ्याला मोकळ्या पाण्यावरून काही अंतर धावावं लागतं आणि किनाऱ्याशी ते अंतरच मिळत नाही. त्यात मागे टेकडी किंवा दाट झाडी असली तर सुरुवातीचे शंभर-दोनशे मीटर वारा डोक्यावरून निघून जातो, खाली जाणवतही नाही. आडोसा संपला की तो पाठीत भरतो. तेव्हा बोर्ड आपसूक पळतो, वल्हवणं फार सोपं वाटतं आणि सगळे खूश असतात. परत वळायची वेळ आली की मग कळतं.

उभा माणूस म्हणजे बोर्डावर उभारलेलं शीडच. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट. नवशिका शांत पाण्यात ताशी ३ ते ४ किलोमीटर वेगाने जातो. १२ ते १५ नॉटचा वारा समोरून आला, म्हणजे ताशी २२ ते २८ किलोमीटरचा, तर तो उभ्याने जीव तोडून वल्हवूनही जागेवरच राहतो, नाहीतर मागे सरकत जातो. म्हणून नवशिक्यांना घेऊन उघड्या पाण्यात जायला ८ ते १० नॉट ही आम्ही वरची मर्यादा मानतो. वारा समुद्राकडे वाहत असेल तर तेवढ्यातही जाऊ नये. हवामानाच्या अंदाजात सरासरी वेग आणि झोतांचा वेग असे दोन आकडे असतात. निर्णय झोताच्या आकड्यावर घ्यायचा, कारण तोल जातो तो झोतानेच. आकडे हाताशी नसतील तर पाण्याकडे बघा. लाटांच्या माथ्यावर कुठेकुठे पांढरा फेस दिसू लागला की वारा १० नॉटच्या आसपास आला. जिकडेतिकडे फेस दिसत असेल तर तो त्याच्या पुढे गेला आहे.

सहली सकाळी का निघतात तेही यातून कळेल. शाळेच्या भूगोलातले खारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून खारा वारा येऊ लागतो. साधारण उशिरा सकाळी तो सुरू होतो आणि दुपारी जोर धरतो. रात्री उलट होतं. मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो सकाळी ऊन चढेपर्यंत. त्यामुळे झुंजुमुंजू होताच निघणं वाटतं तितकं शहाणपणाचं नाही. मतलई पडल्यावर आणि खारा चढण्याआधी जी मधली शांत वेळ मिळते, ती धरायची. साडेसात-आठला निघून अकराच्या आत परत, असं वेळापत्रक बऱ्याच ठिकाणी जुळतं.

एवढं करूनही वाऱ्यात सापडलात, तर लगेच गुडघ्यांवर बसा. वारा अडवणारं अंग निम्मं झालं की बोर्ड पुढे सरकू लागतो. तेही पुरलं नाही तर पोटावर झोपा, वल्ह्याचं पातं छातीखाली दाबून धरा आणि दोन्ही हातांनी पाणी मागे ढकला. बोर्ड सोडून किनाऱ्याकडे पोहत निघण्याचा विचारही मनात आणू नका. तरंगणारा, लांबून दिसणारा बोर्ड हीच तुमची सगळ्यांत मोठी सुरक्षा आहे. माणसाचं डोकं लाटांमध्ये दिसत नाही.

प्रश्न : मी ५२ वर्षांची आहे, व्यायाम बेताचाच. बोर्डावर उभं राहायला किती वेळ लागतो? आणि उभं राहता आलं नाही तर माझ्यामुळे बाकीच्यांची सहल रखडेल का?

अजिबात नाही. पूर्ण अंतर गुडघ्यांवर किंवा बसून पार करणारे प्रत्येक मोसमात असतात आणि वारा असेल तेव्हा तेच सगळ्यांच्या पुढे असतात. बसून जाण्यात कमीपणा मानू नका.

उभं राहायचं ते असं. कमरेएवढ्या पाण्यात बोर्ड न्या. बोर्डाच्या बरोबर मध्यावर उचलायची मूठ असते, तिच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकतील अशा बेताने वर चढा. पुढचं टोक वर उचललं जात असेल तर तुम्ही मागे बसला आहात. टोक पाण्यात घुसत असेल तर पुढे. बोर्ड सपाट तरंगेपर्यंत वीत-दोन वीत सरकून घ्या. मग गुडघ्यांवरच पाच-दहा मिनिटं वल्हवा. चालता बोर्ड थांबलेल्या बोर्डापेक्षा स्थिर असतो, सायकलसारखं. उठायच्या वेळी वल्हं बोर्डावर आडवं धरून त्यावर हात टेका, एक पाऊल गुडघ्याच्या जागी आणा, मग दुसरं. पावलं समांतर, खांद्यांएवढी लांब, बोटं पुढे. गुडघे किंचित वाकलेले ठेवूनच कंबर सरळ करा आणि उठल्या उठल्या पहिलं वल्हं पाण्यात घाला. नवशिके इथेच चुकतात. उठतात, आणि आता तोल सांभाळू म्हणून वल्हं हवेत धरून थांबतात. पाण्यात घातलेलं वल्हं हा तुमचा तिसरा पाय आहे.

नजर क्षितिजावर किंवा बेटावर ठेवा. पायांकडे पाहिलं की डोकं पुढे झुकतं आणि डोक्यामागोमाग सगळं शरीर. आणखी एक गोष्ट म्हणजे पायाची बोटं. घाबरलेला माणूस नकळत बोटांनी बोर्ड घट्ट धरायला जातो. दहा मिनिटांत तळवे बधिर होतात, पोटऱ्या थरथरायला लागतात आणि वाटतं, आपल्याला हे जमत नाही. दर थोड्या वेळाने बोटं उचलून हलवा, थरथर बरीचशी तिथेच थांबते.

वल्ह्याबद्दल दोन मोजमापं. एकूण लांबी तुमच्या उंचीपेक्षा २० ते २५ सेंटिमीटर जास्त हवी. वल्हं शेजारी उभं धरून हात सरळ वर केला की वरची मूठ मनगटाशी यायला हवी. जवळजवळ प्रत्येक गटात कोणीतरी पातं उलटं धरतं. पातं दांड्याशी थोड्या कोनात असतं. तो कोन पुढच्या दिशेला झुकलेला हवा, चमच्यासारखा पाणी ओढणारा नव्हे. डोळ्यांना ते उलटं वाटतं, पण त्यामुळेच पातं पायापाशी येईपर्यंत उभं राहतं आणि पाणी वर उचलण्यात ताकद वाया जात नाही. पातं पुढे लांब टाका, पूर्ण बुडवा, घोट्यापर्यंत ओढा आणि बाहेर काढा. घोट्याच्या मागे ओढत नेलं तर बोर्ड वळतो, वेग वाढत नाही. चार-सहा वेळा एका बाजूला वल्हवून बाजू बदला. ताकद हातांतून काढली तर खांदे अर्ध्या तासात भरून येतात. वरचा हात खाली दाबा, खालचा जवळपास सरळ ठेवा आणि कंबर वळवा.

प्रश्न : पडलो तर?

पडणारच आहात, आणि किनाऱ्याजवळ मुद्दाम दोन-तीनदा पडून घ्या. पडताना बोर्डापासून लांब, पाण्यावर सपाट पडायचं. डोक्यावर किंवा पायांवर उभं पडायचं नाही, कारण खाली उथळ पाणी किंवा खडक असू शकतो. तोल वाचवायला बोर्डाची कड धरू नका. बरगड्यांना मुका मार बसतो तो तिथेच.

वर यायची रीत जमल्याशिवाय बेटाकडे निघायचं नाही, ही अट गाईडने घातली नाही तर तुम्ही स्वतःला घाला. वल्हं बोर्डावर टाका. बोर्डाच्या मध्यावर, मुठीपाशी या. टोकाकडून चढायला गेलात तर बोर्ड उलटेल. आधी पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर आणा, पोहताना आणतो तसे, आणि मगच पाय मारत मूठ ओढून छाती बोर्डावर सरकवा. पाय बोर्डाच्या खाली लोंबत असताना नुसत्या हातांनी वर ओढायला गेलात तर दोन-तीन प्रयत्नांत दम संपतो. लाइफ जॅकेट पुढून जाड असेल तर ते कडेला अडकतं. तेव्हा थोडं कुशीवर होऊन चढा.

प्रश्न : बोर्डाला जोडलेली दोरी पायाला बांधतात. बोर्ड उलटला आणि पाय त्यात अडकला तर? त्यापेक्षा दोरी नकोच, असं माझ्या भावाचं म्हणणं आहे. मी पट्टीची पोहणारी आहे, मग लाइफ जॅकेटही हवंच का?

या दोरीला लीश म्हणतात. समुद्रात ती हवीच. तुम्ही पाण्यात पडता त्या क्षणी तुमच्या पायांचा धक्का लागून बोर्ड दोन-चार मीटर लांब जातो, आणि हलका असल्यामुळे वारा त्याला तुमच्या पोहण्यापेक्षा जास्त वेगाने नेऊ शकतो. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तो सापडत नाही. उघड्या समुद्रात लीश घोट्याला किंवा गुडघ्याखाली बांधलेली चालते. गुंडाळी असलेली घेतलीत तर ती मागे पाण्यात फरफटत नाही. सांध्यावर चीर, सैल झालेला वेल्क्रो किंवा गंजलेली फिरकी दिसली तर दुसरी मागा.

तुमच्या भावाची शंका मात्र अगदीच निराधार नाही. वाहत्या पाण्यात, जिथे झाडाच्या फांद्या, खांब, नांगराचे दोर किंवा बंधारा असतो, तिथे घोट्याची लीश कशात तरी अडकते आणि प्रवाहाचा जोर असताना माणसाचा हात घोट्यापर्यंत पोचत नाही. वेल्समधल्या हॅवरफर्डवेस्ट इथे ३० ऑक्टोबर २०२१ रोजी पॅडलबोर्डवरचा एक गट फुगलेल्या नदीच्या बंधाऱ्यावरून वाहून गेला आणि चौघांचा मृत्यू झाला. पाण्याच्या प्रकाराप्रमाणे लीश निवडावी, हा मुद्दा त्यानंतर फार गांभीर्याने पुढे आला. वाहत्या पाण्यासाठी कमरेच्या पट्ट्याला जोडलेली, एका हिसक्यात सुटणारी लीश असते. तुमच्या वाटेवर खाडीचं मुख, नांगरलेल्या होड्या किंवा मासेमारीच्या जाळ्यांचे खांब असतील तर कमरेचीच मागा. तिची सोडायची मूठ पुढे, हाताशी ठेवा आणि डोळे मिटून तीन वेळा सोडून बघा.

लाइफ जॅकेटबद्दल आमचं मत पक्कं आहे. बोर्डाला बांधून ठेवलेलं नको, अंगात घातलेलंच हवं. वल्हवण्यासाठी ५० न्यूटन तरंगशक्तीचं, खांदे मोकळे ठेवणारं जॅकेट मिळतं. खांद्याचे पट्टे धरून कोणाला तरी वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत सरकलं तर सैल आहे. पोहता येणं आणि थंड पाण्यात अचानक पडल्यावर पहिलं मिनिटभर श्वास ताब्यात ठेवता येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

प्रश्न : गाईडने निघायची वेळ भरती-ओहोटी बघून कळवतो म्हटलं आहे. बोर्ड तर वीतभर पाण्यातही तरंगतो. मग भरतीशी आपला काय संबंध?

खोलीशी संबंध कमी, प्रवाहाशी जास्त. बेट आणि किनारा यांच्यामधली सामुद्रधुनी म्हणजे अरुंद गळा. भरतीचं सगळं पाणी त्यातून आत येतं आणि ओहोटीला त्यातूनच बाहेर पडतं, त्यामुळे तिथे प्रवाहाचा वेग वाढतो.

जिथे दिवसातून दोनदा भरती येते तिथे भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास जातात, पण पाणी सगळा वेळ सारख्या वेगाने उतरत नाही. दर्यावर्दी लोकांचा ढोबळ हिशेब असा आहे की एकूण चढ-उताराचे १२ भाग करायचे. पहिल्या तासात १ भाग, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २ आणि सहाव्यात १. एकूण फरक ३ मीटरचा असेल तर पहिल्या तासात पाणी फक्त २५ सेंटिमीटर उतरतं, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी ७५ सेंटिमीटर. त्या मधल्या दोन तासांत गळ्यातला प्रवाह सगळ्यांत जोरात असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते, तेव्हा फरकही मोठा आणि ओढही. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येते, तेव्हा दोन्ही कमी. तारीख निवडणं हातात असेल तर नवशिक्यांनी भांगाचे दिवस धरावेत.

याचा परिणाम किती होतो ते बघा. बेट १ किलोमीटरवर आहे आणि तुम्ही ताशी साडेतीन किलोमीटरने जाता, म्हणजे सतरा मिनिटांचं अंतर. आडवा प्रवाह फक्त १ नॉटचा, ताशी १.८५ किलोमीटरचा आहे. बोर्डाचं टोक बेटाकडे ठेवून तुम्ही वल्हवत राहिलात तर सतरा मिनिटांत जवळपास अर्धा किलोमीटर बाजूला वाहून गेलेले असाल. म्हणून गाईड बेटाकडे न जाता भलतीकडेच निघाल्यासारखा दिसतो. तो प्रवाहाच्या वरच्या अंगाला टोक ठेवून तिरपा जात असतो. हे तुम्हालाही तपासता येतं. बेटावरचा एखादा खडक आणि त्याच्या मागचं एखादं झाड एका रेषेत धरा. दोन्ही एकमेकांसमोर राहिले तर तुम्ही सरळ चालला आहात. झाड खडकाच्या डावीकडे सरकू लागलं तर तुम्ही डावीकडे वाहत आहात.

भरतीच्या तक्त्यात दिलेली वेळ पाण्याच्या उंचीची असते. प्रवाह नेमका त्याच मिनिटाला उलटतो असं नाही. गळ्याचा आकार आणि तळ यांप्रमाणे तो आधी किंवा नंतरही फिरतो. हे तक्त्यावरून कळत नाही, तिथल्या पाण्यावर वर्षानुवर्षं वावरलेल्याला कळतं. गाईडला पैसे द्यायचे ते मुख्यतः या माहितीचे.

प्रवाह आणि वारा समोरासमोर आले की आणखी एक अडचण होते. लाटा आखूड आणि उभ्या होतात. सकाळी ज्या पाण्यातून मजेत आलात, तेच पाणी ओहोटी लागल्यावर आणि खारा वारा सुटल्यावर ओळखू येत नाही.

प्रश्न : आमच्याकडे स्वतःचा हवा भरायचा बोर्ड आहे. तो नेला तर चालेल का? हवा किती भरायची?

गाईडची हरकत नसेल तर न्या, पण आधी त्याला दाखवा. लांबी साधारण साडेदहा ते अकरा फूट, रुंदी ३२ ते ३४ इंच आणि जाडी ६ इंच असेल तर उत्तम. चार इंच जाडीचे बोर्ड मोठ्या माणसाच्या वजनाने मध्ये वाकतात.

किती हवा ते बोर्डावर लिहिलेलं असतं, बहुधा १२ ते १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका. ८ पीएसआयलाही बोर्ड हाताला टणक लागतो, पण त्यावर उभं राहिलं की केळीसारखा वाकतो आणि डुलायला लागतो. माणसाला वाटतं आपलाच तोल वाईट आहे. हातपंप दुहेरी असेल, म्हणजे वर-खाली दोन्हीकडे हवा भरणारा, तर ७-८ पीएसआयनंतर तो एकेरी करा. शेवटचे तीन-चार पीएसआय अंगमेहनतीचे असतात, तिथेच बहुतेक जण सोडून देतात. पंप लावण्याआधी झडपेची मधली पिन वर उठलेली आहे ना, ते बघा. ती खाली दाबलेली राहिली तर नळी काढताक्षणी सगळी हवा फुस्सकन बाहेर येते आणि वीस मिनिटांची मेहनत जाते.

उन्हात वाळूवर ठेवलेल्या बोर्डाचं काय होतं तेही लक्षात घ्या. २५ अंशांना १५ पीएसआय भरलेला बोर्ड तापून आतली हवा ५० अंशांवर गेली की दाब साडेसतरा पीएसआयच्या आसपास जातो. जुन्या शिवणी, चिकटवलेले जोड तेव्हाच सुटतात. उलट, ३५ अंशांच्या हवेत भरलेला बोर्ड २० अंशांच्या पाण्यात टाकला की दाब दीडएक पीएसआयने उतरतो. म्हणून बोर्ड पाण्यात दहा मिनिटं ठेवून दाब पुन्हा मोजा. बेटावर उतरल्यावर तो सावलीत ओढा. सावली नसेल तर थोडी हवा सोडण्यापेक्षा अधूनमधून पाणी मारणं बरं. सोडलेली हवा परत भरायला पंप तिथे नसतो.

मधलं फिन, म्हणजे तळाचा पंख, बसवताना त्याचा बाक मागच्या टोकाकडे हवा. फिन पक्कं करायची खिटी घरीच विसरणारे खूप. फिन नसलेला बोर्ड नाकासमोर जातच नाही, प्रत्येक वल्ह्याला गोल फिरतो.

प्रश्न : माझं वजन १०४ किलो आहे. बोर्ड बुडेल का?

नाही बुडणार. बोर्डाचं आकारमान जितके लिटर, साधारण तितके किलो तो पाण्यावर धरतो, त्यातून त्याचं स्वतःचं आठ-दहा किलो वजन वजा करा. ३०० लिटरचा बोर्ड तुम्हाला सहज पेलेल. प्रश्न बुडण्याचा नाही, डुलण्याचा आहे. ३३-३४ इंच रुंद, अकरा फुटांहून लांब आणि पूर्ण दाबाने भरलेला बोर्ड मागून घ्या. त्यासाठी वजन आणि उंची आदल्या दिवशीच कळवा, संकोच करू नका. किनाऱ्यावर ऐन वेळी सांगितलं तर उरलेला बोर्ड मिळतो.

प्रश्न : मला पोहता येत नाही, पण लाइफ जॅकेट असेल. मुलगी ९ वर्षांची आहे, ती चांगली पोहते. दोघी येऊ का?

बेटाच्या सहलीला तुम्ही येऊ नका. जॅकेट तरंगवतं, पण चेहऱ्यावर लाट आल्यावर घाबरू न देणं त्याच्या हातात नसतं, आणि घाबरलेला माणूस बोर्डावर परत चढू शकत नाही. खाडीतल्या किंवा तळ्यातल्या कमरेएवढ्या पाण्यात दोन-तीन वेळा बोर्ड चालवा, पाण्यात पडून उठायची सवय करा, थोडं पोहायला शिका. निदान पन्नास मीटर न थांबता पोहता आलं की मग बेट. मुलीने गाईडच्या बोर्डावर पुढे बसून जाणं चांगलं. एवढ्या लहान मुलाला उघड्या पाण्यात स्वतंत्र बोर्ड देणाऱ्या आयोजकाकडे आम्ही आमचं मूल पाठवणार नाही.

प्रश्न : बरेच आयोजक आहेत, सगळे ‘सुरक्षेला प्राधान्य’ म्हणतात. चांगला कोणता, ते फोनवर कसं ओळखायचं?

पहिला प्रश्न असा विचारा : ‘वारा किती झाला की तुम्ही सहल रद्द करता?’ नेमका आकडा आणि दिशा सांगणारा माणूस जाणकार. ‘बघू, सहसा रद्द करावी लागत नाही’ म्हणणाऱ्याला नमस्कार करा. रद्द झाल्यावर पैसे परत की तारीख बदलून, तेही त्याच फोनवर विचारून घ्या. पैसे अडकले की लोकच गाईडवर दबाव आणतात.

मग माणसांचा हिशेब. एका गाईडमागे सहा नवशिके ठीक, आठ म्हणजे कमाल. उघड्या पाण्यात एक पुढे आणि एक सगळ्यांच्या मागे असे दोघं असावेत. एकटा गाईड एखाद्याला ओढून आणू लागला की बाकीच्यांकडे बघायला कोणी उरत नाही. त्याच्याकडे ओढायची दोरी, एक जादा वल्हं, प्रथमोपचार पेटी, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत फोन आणि शक्यतो सागरी रेडिओ हवा. या रेडिओवर संकटाच्या वेळी जगभर १६ क्रमांकाचं चॅनेल वापरतात. गट कधी परतणार हे किनाऱ्यावर कोणाला माहीत असतं, तेही विचारा.

निघण्यापूर्वी तो किनाऱ्याजवळ किमान अर्धा तास शिकवतो का, आणि न जमणाऱ्याला मागे ठेवायची त्याची तयारी आहे का? खुणाही तेव्हाच ठरवून घ्या. वल्हं उभं वर धरलं म्हणजे माझ्याकडे या, आडवं धरलं म्हणजे थांबा, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, पण तुमच्या गटाची खूण कोणती ते गाईडच्या तोंडून ऐका. दोन्ही हात पसरून सावकाश वर-खाली करणं ही मदत मागायची खूण मात्र सगळीकडे ओळखतात. शिट्टी जॅकेटलाच बांधलेली हवी.

प्रश्न : सोबत काय घ्यायचं?

फार काही नको. माणशी लिटरभर पाणी, थोडा खाऊ, पाणी न शिरणारी दहा लिटरची पिशवी. पिशवीचं तोंड निदान तीनदा घट्ट गुंडाळून मग चाप लावा, आणि ती बोर्डाच्या पुढच्या जाळीखाली अडकवून कडीलाही बांधा. नुसत्या जाळीतून बोर्ड उलटल्यावर निसटते. अंगात लांब बाह्यांचा, पटकन वाळणारा सदरा. सुती कपडा नको, तो ओला होऊन जड होतो आणि वाऱ्यात गारठवतो. ऊन वरून लागतं तसंच पाण्यावरून उलटूनही लागतं, त्यामुळे हनुवटीखाली, नाकाखाली आणि पायांच्या पाठींनाही सनस्क्रीन लावा, निघायच्या वीस-तीस मिनिटं आधी. तळव्यांना लागू देऊ नका, वल्हं निसटतं. चष्म्याला दोरी हवीच. खडकाळ किंवा प्रवाळाच्या बेटावर पातळ तळाचे पाणबूट घाला. पाणी १५ अंशांच्या खाली असेल तर कपडे हवेकडे बघून नव्हे, पाण्याकडे बघून ठरवा. तिथे वेटसूट, म्हणजे पाण्यात ऊब धरणारा अंगाबरोबरचा पोशाख लागतो.

प्रश्न : बेटावर उतरताना आणि परत येताना काय सांभाळायचं?

वाटेत मोटरबोट गेली तर तिच्या लाटांकडे टोक वळवा, गुडघ्यांवर बसा आणि पातं पाण्यात ठेवा. लाट बाजूने आली तर उलटवते, समोरून आली तर नुसती उचलते.

बेटावर पाणी चढतं असेल तर बोर्ड ओल्या वाळूच्या रेषेच्या वर ओढा, शेवाळ आणि कचऱ्याची जी शेवटची ओळ दिसते तिच्याही वर. रिकामा बोर्ड वारा पत्र्यासारखा उडवतो, म्हणून तो फिन वर करून उलटा ठेवा आणि लीशने दुसऱ्या बोर्डांना बांधा. पक्ष्यांच्या विणीच्या काळात वाळूवरच अंडी असतात. ती वाळूसारखीच दिसतात, पायाखाली येईपर्यंत कळत नाहीत. डोक्यावर पक्षी ओरडत घिरट्या घालू लागले तर आल्या वाटेने मागे फिरा.

बेटावर पाऊण तासापेक्षा जास्त रेंगाळू नका, आणि परतीसाठी निम्म्याहून जास्त ताकद राखून ठेवा. जाताना वारा मंद असतो, येताना बहुधा चढलेला असतो. परतीला सगळ्यांनी आधी दहा मिनिटं गुडघ्यांवर जावं. बेटाच्या आडोशातून बाहेर पडताना पहिला झोत नेमका तिथेच लागतो. कोणी थकलं तर लवकर सांगावं. दमलेल्याला ओढून आणणं गाईडला सोपं असतं. पार गळून पाण्यात पडलेल्याला आधी वर घ्यावं लागतं.

किनारा दहा मीटरवर आला की लोक सैल होतात, उभ्यानेच वाळूपर्यंत जायला बघतात. फिन २० ते २३ सेंटिमीटर खाली असतं. ते वाळूत रुतलं की बोर्ड जागीच थांबतो, तुम्ही मात्र थांबत नाही आणि वीतभर पाण्यात तोंडावर पडता. दिवसभरातल्या मनगटाच्या आणि गुडघ्याच्या दुखापती इथल्याच. तळाची वाळू स्पष्ट दिसू लागली की गुडघ्यांवर बसा आणि पाणी गुडघ्याएवढं असतानाच बाजूने पाय सोडून उतरा. लाटा येत असतील तर उतरल्यावर बोर्ड स्वतःच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये ठेवा, पाठीमागे नाही, नाहीतर पुढची लाट तोच तुमच्या पायांवर आणून आदळते.